अणुकचऱ्याची धग आणि खडकाची सहनशक्ती

कोलारच्या खाणी सोन्यासाठी प्रसिद्ध. मात्र १९८०च्या दशकात तेथील एका वापरात नसलेल्या भागात, जमिनीखाली सुमारे एक हजार मीटरवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने चक्क खडक तापवून पाहिला. अणुकचरा खोल पुरल्यास भोवतालच्या खडकाचे काय होईल, हे त्यांना तपासायचे होते. ॲम्फिबोलाइट या कठीण खडकात हीटर बसवून त्याचे तापमान, त्यातील ताण आणि सूक्ष्म हालचाल यांच्या नोंदी घेण्यात आल्या. हे काम सुमारे आठ वर्षे चालले.

अतिकिरणोत्सारी कचरा काचेत गोठवून पोलादी डब्यांत बंद केला, तरी तो उष्णता देतच राहतो. ही उष्णता प्रामुख्याने सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची असून ती साधारण ३० वर्षांत निम्मी होते. म्हणूनच तारापूर येथे असे डबे हवेने थंड होणाऱ्या भांडारात ठेवण्याची सोय आहे. पुरण्याची घाई करण्यात शहाणपण नाही!

खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. ग्रॅनाइटची उष्णतावहनक्षमता तांब्याच्या शंभराव्या भागाइतकीही नसते. त्यामुळे धग डब्याभोवतीच साचते आणि खडक प्रसरण पावू लागतो. एक मीटर ग्रॅनाइट १०० अंशांनी तापला, तरी तो जेमतेम पाऊण-एक मिलिमीटर वाढतो. वाचताना हे किरकोळ वाटेल. परंतु चहूबाजूंनी जखडलेल्या खडकाला वाढायला जागाच नसते. अशा वेळी दर अंशामागे त्यात सुमारे अर्धा मेगापास्कल ताण निर्माण होऊ शकतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच किलोंचा भार. मुळात खोलीवरील खडक वरच्या थरांच्या ओझ्याखाली असतोच. त्यात ही भर पडली की बोगद्याच्या भिंतींचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय ग्रॅनाइटमधील क्वार्ट्‌झ हे खनिज शेजारच्या फेल्डस्पारपेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने कणाकणांत सूक्ष्म भेगा पडतात. खरी धास्ती या भेगांचीच. पाण्याला वाट मिळाली, तर त्याच वाटेने किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडू शकते.

प्रत्येक खडकाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत नेवाडातील युका पर्वतात डिसेंबर १९९७ ते जानेवारी २००२ या काळात ज्वालामुखीजन्य टफ खडकातील एक संपूर्ण बोगदा तापविण्यात आला. त्याच्या भिंती सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्या. खडकाच्या छिद्रांतील पाण्याची वाफ होऊन ते दूर सरकले आणि थंड भागात पुन्हा द्रवरूप झाले. मिठाच्या खडकात नेमके उलटे घडते. तेथे अडकलेले खारे पाणी उष्णतेच्या दिशेनेच सरकते.

स्वीडन आणि फिनलंडच्या आराखड्यांत डब्यांभोवती बेंटोनाइट मातीचे जाड आवरण असते. ती ओली होऊन फुगते आणि फटी बुजवते. मात्र अति तापल्यास तिचा हा गुण कमी होऊ शकतो. म्हणून तेथे तिच्यासाठी १०० अंशांची मर्यादा ठरविण्यात आली. डबे किती अंतराने पुरायचे, हे बहुतांशी हाच आकडा ठरवतो. अंतर वाढले की बोगद्यांची लांबी वाढते आणि खर्चही. फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे ४०० मीटरहून अधिक खोलीवर 'ओंकालो' हे भांडार खोदण्यात आले आहे.

भारतात असे कायमस्वरूपी भांडार अद्याप झालेले नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या.