रूळ गेले, वाट उरली
समुद्रापासून समुद्रापर्यंत : उत्तर इंग्लंडमधील 'सी टू सी' सायकलमार्ग

- प्रतिनिधी

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हाइटहेवन नावाचे एक जुने बंदर आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत येथील धक्क्याच्या उतारावर सकाळीच सायकलस्वारांची लगबग सुरू होते. पाठीमागच्या कॅरिअरवर सामान बांधलेली सायकल पाण्यापर्यंत न्यायची, मागचे चाक आयरिश समुद्रात बुडवायचे आणि पूर्वेकडे तोंड करून निघायचे. तीन ते पाच दिवसांनी पूर्व किनाऱ्यावरील संडरलँड येथे पुढचे चाक उत्तर समुद्रात बुडवले की प्रवास पूर्ण झाला, असा येथला प्रघात आहे. या दोन पाण्यांमधील सुमारे २२५ किलोमीटरची वाट 'सी टू सी' या नावाने ओळखली जाते. ती १९९४ मध्ये खुली झाली. वाटेचा बराच भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून आणि उरलेला मुख्यतः वर्दळ नसलेल्या गावरस्त्यांवरून जातो.

निसर्गसौंदर्यासाठी या मार्गाची ख्याती आहेच. मात्र केवळ सरोवरे आणि डोंगर पाहण्यासाठी येथे जाणाऱ्याला निम्मीच वाट दिसते, असे म्हणावे लागेल. उरलेली निम्मी वाट कोळसा, शिसे, चुनखडी आणि पोलाद यांच्या गावांतून जाते. ज्या उद्योगांसाठी रूळ टाकले गेले, ते उद्योग संपले. रूळही उखडले गेले. सायकलस्वार ज्या सपाट, संथ वाटेवरून जातो, ती या साऱ्या पडझडीतून वाचलेली वस्तू होय.

बीचिंग अहवाल आणि रिकाम्या जमिनी

ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी मार्च १९६३ मध्ये आपला बहुचर्चित अहवाल सादर केला. तोट्यात चालणारे सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. रेल्वे बंद होण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती आणि अहवालानंतरही ती बरीच वर्षे चालू राहिली. रूळ भंगारात गेले. पण भराव, खोदलेल्या खिंडी, पूल आणि बोगदे जागच्या जागी राहिले. काही जमिनी शेजारच्या शेतकऱ्यांना विकल्या गेल्या, काहींवर घरे उभी राहिली, काहींवरून मोटारींचे रस्ते गेले.

१९७७ मध्ये ब्रिस्टल शहरात काही सायकलप्रेमींनी एक गट स्थापन केला. पुढे सस्ट्रान्स या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था ती हीच. ब्रिस्टल ते बाथ या बंद रेल्वेमार्गावर स्वयंसेवकांच्या साहाय्याने तिने पहिली मोठी सायकलवाट बांधली. त्यामागील विचार साधा होता. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रेल्वेच्या अभियंत्यांनी डोंगर कापून आणि दऱ्या भरून वाट जवळजवळ सपाट केली होती. इंजिनाची जी अडचण, तीच सायकलस्वाराची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोणी तरी केलेला खर्च असा आयता हाती येत होता. प्रश्न होता तो फक्त जमीन सलग राखण्याचा.

सरोवरांचा प्रदेश

व्हाइटहेवनहून निघालेली वाट प्रथम रोरा गावापर्यंत जुन्या रेल्वेमार्गाने जाते. हा मार्ग लोहखनिज वाहून नेण्यासाठी होता. त्यानंतर लोवेजवॉटर सरोवराच्या बाजूने गावरस्ते लागतात आणि केजिकपूर्वी व्हिन्लॅटरची ३१८ मीटर उंचीची खिंड चढावी लागते. केजिकच्या पश्चिमेला बॅसेनथ्वेट सरोवराच्या काठाने एके काळी रेल्वेमार्ग होता. तो १९६६ मध्ये बंद झाला आणि त्याच्या जागेचा बराच भाग पुढे ए-६६ या महामार्गाने घेतला. सपाट वाट मोटारींना मिळाली, खिंड सायकलींच्या वाट्याला आली.

केजिकच्या पूर्वेला मात्र नशीब बरे. केजिक ते थ्रेलकेल्ड हा सुमारे पाच किलोमीटरचा तुकडा या संपूर्ण मार्गातील सर्वांत रमणीय समजला जातो. ग्रेटा नदीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या दरीतून रेल्वे नदीला वारंवार ओलांडत जात असे. हा लोहमार्ग १८६४ मध्ये खनिजांच्या आणि १८६५ मध्ये प्रवाशांच्या वाहतुकीसाठी सुरू झाला आणि १९७२ मध्ये बंद पडला. त्याचे अभियंते होते टॉमस बाऊच. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

डिसेंबर २०१५ मध्ये डेस्मंड नावाचे वादळ या भागावर कोसळले. जवळच्या होनिस्टर खिंडीत चोवीस तासांत ३४१.४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला झालेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवणाऱ्या मुंबईकराला हा आकडा फारसा मोठा वाटणार नाही; ब्रिटनमध्ये मात्र तो विक्रम ठरला. ग्रेटेला आलेल्या पुराने या वाटेवरील दोन पूल वाहून नेले. पाच किलोमीटरांचा हा तुकडा पुन्हा पूर्णपणे खुला होण्यास डिसेंबर २०२० उजाडले आणि खर्च सुमारे ८० लाख पौंडांवर गेला. त्याच कामात, महामार्ग बांधताना १९७०च्या दशकात मातीखाली गाडला गेलेला रेल्वेचा एक बोगदा उकरून पुन्हा वापरात आणला गेला. मधली पाच वर्षे सायकलस्वारांना वळसा घालावा लागत होता. सलग वाटेतील एक पूल गेला तर काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण.

हार्टसाइड आणि उलटा वारा

पेनरिथ शहर मागे टाकून ईडन नदी ओलांडली की समोर पेनाइन पर्वतरांगेची भिंत उभी राहते. हार्टसाइडचा घाटमाथा ५८० मीटरवर आहे. आपल्याकडच्या घाटांच्या तुलनेत उंची किरकोळ, पण चढ लांबलचक आहे. माथ्यावरील प्रसिद्ध कॅफे मार्च २०१८ मध्ये आगीत भस्मसात झाला. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांवर विसंबून तेथे चहाची आशा धरणाऱ्यांची निराशा होते.

हा प्रवास पश्चिमेकडून पूर्वेकडे करावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. या बेटावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि तो पाठीशी राहतो, हे त्याचे कारण. याला अपवाद नेमका हार्टसाइडच्या पायथ्याशी आहे. येथील क्रॉस फेल शिखरावरून ईशान्येचा एक थंड, जोरकस वारा खाली उतरतो. त्याला हेल्म विंड म्हणतात. स्वतःचे नाव असलेला ब्रिटनमधील हा एकमेव वारा. तो सुटला की चढही समोर आणि वाराही समोर. अशा दिवशी सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा मानू नये.

हार्टसाइडपलीकडे नेंटहेड हे शिशाच्या खाणींचे गाव लागते. त्यानंतर ब्लॅक हिलवर सुमारे ६०९ मीटरची उंची गाठली जाते. मार्गावरील हा सर्वोच्च बिंदू. तेथून अॅलनहेड्स, रूकहोप, स्टॅनहोप अशी लहान गावे आणि मध्ये उघडे माळ. झाड शोधावे लागते. रूकहोपहून पुढे दोन पर्याय आहेत. एक बोल्ट्स लॉच्या जुन्या रेल्वे उतारावरून थेट चढणारी खडबडीत वाट. दुसरा स्टॅनहोपमार्गे डांबरी रस्ता. पहिल्या वाटेवर माथ्याशी इंजिनघराचे अवशेष आहेत. ती ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीच्या माळातून जात असल्याने हंगामात काही दिवस बंद असू शकते. बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलने तिच्या वाटेस जाऊ नये.

जमिनीच्या भाड्याने बुडालेली रेल्वे

स्टॅनहोपच्या वरच्या माळावर पार्कहेड येथे पुन्हा रेल्वेमार्ग भेटतो, आणि येथून या प्रवासातील सर्वांत मोठे सुख सुरू होते. चारशे मीटरहून अधिक उंचीवरून वॉस्करली मार्गे कॉन्सेटपर्यंत वाट हळूहळू उतरत जाते. पायडल मारण्याचे श्रम फारसे नाहीत. दोन्ही बाजूंना मोकळा माळ आणि मेंढ्या.

ही वाट म्हणजे स्टॅनहोप अँड टाइन रेल्वे. ती १८३४ मध्ये सुरू झाली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी धावण्याच्या १९ वर्षे आधी. स्टॅनहोपची चुनखडी आणि वाटेवरचा कोळसा टाइन नदीच्या मुखापर्यंत नेणे हा तिचा उद्देश. दरीतून माळावर येणारा चढ इंजिनाच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून उतारांच्या माथ्यावर वाफेची स्थिर यंत्रे बसवून दोरांनी वाघिणी ओढल्या जात. भोर घाटात १८६३ मध्ये चढाचा प्रश्न उलटफेर स्थानक बांधून सोडवला गेला. येथे त्याच्या तीस वर्षे आधी दोरावर भिस्त होती.

कंपनीने संसदेचा कायदा करून जमीन विकत घेण्याऐवजी जमीनदारांकडून वाटेचा हक्क भाड्याने घेतला. भाडे जबर होते. काही वर्षांतच कंपनी कर्जात बुडाली आणि १८४१ मध्ये ती विसर्जित करावी लागली. रेल्वे चालू असो वा बंद, खालच्या जमिनीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न या वाटेच्या इतिहासात पहिल्या दिवसापासून आहे.

कॉन्सेटच्या अलीकडे हाउन्सगिल नावाची खोल घळ आडवी येते. आरंभी वाघिणी एकेक करून खास चौकटीवर चढवत, दोराने घळीत उतरवत आणि पलीकडे वर ओढून घेत. या खोळंब्यातून सुटका करणारा पूल १८५८ मध्ये उभा राहिला : लांबी सुमारे २१३ मीटर, उंची सुमारे ५३ मीटर, बारा कमानी. त्याचा आराखडा टॉमस बाऊच यांचा. पुढे स्कॉटलंडमधील टे नदीवरचा पूलही त्यांनीच बांधला. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री तो पूल धावत्या गाडीसह नदीत कोसळला. गाडीतील एकही जीव वाचला नाही. चौकशीत बाऊच यांच्यावर ठपका आला आणि वर्षभरात त्यांचे निधन झाले. अभियांत्रिकीच्या इतिहासात त्यांचे नाव त्या एका रात्रीशी बांधले गेले आहे. हाउन्सगिलचा पूल मात्र भक्कम उभा असून सायकली त्याच्यावरूनच जातात.

कॉन्सेट

कॉन्सेटमध्ये १८४० पासून लोखंडाचा आणि पुढे पोलादाचा कारखाना होता. त्याच्या धुराड्यांतून बाहेर पडणारी लाल धूळ गावातील छपरांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. सप्टेंबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला आणि सुमारे ३,७०० जणांची नोकरी गेली. कारखान्यावर जगणारे गाव एका वर्षात उघडे पडले. गिरण्यांच्या संपानंतरचा गिरणगाव पाहिलेल्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कारखाना पुढे जमीनदोस्त करण्यात आला. आज तेथे नवखा माणूस उभा राहिला, तर एवढा मोठा उद्योग नेमका कोठे होता, हे त्याला विचारावे लागते.

कॉन्सेट ते संडरलँड ही सुमारे ३८ किलोमीटरची रेल्वेवाट त्याच दशकात सायकलींसाठी तयार झाली. कामासाठी सरकारी रोजगार योजनेतील बेकार हात वापरले गेले. पोलाद गेले आणि त्याच्या बदल्यात सायकलवाट आली, असे कोणी म्हटले तर तेथील जुना कामगार हसेल. तरीही बंद पडलेल्या या मार्गाचा उकिरडा झाला नाही, हे नाकारता येत नाही.

या भागात वाटेच्या कडेला शिल्पे आहेत. टोनी क्रॅग यांनी भूमापनाची दोन अवाढव्य यंत्रे पोलादात घडवली आहेत आणि त्यांना प्राण्यांचे पाय दिले आहेत. डेव्हिड केम्प यांनी टाकाऊ विद्युत ट्रान्सफॉर्मरांतून खाणकामगार आणि लोहकार उभे केले आहेत. केम्प यांचे काम विशेष थांबून पाहण्याजोगे आहे.

वाट राखण्याचा झगडा

जुन्या रेल्वेच्या हजारो पूल-बोगद्यांची देखभाल हा तेथे वादाचा विषय आहे. पेनरिथपासून फार दूर नसलेल्या ग्रेट मस्ग्रेव्ह गावातील दगडी पुलाची कमान २०२१ मध्ये नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीने सुरक्षिततेचे कारण देऊन काँक्रीटने बुजवली. खालून पुन्हा कधी रेल्वे किंवा सायकलवाट जाण्याची शक्यताच त्यामुळे संपत होती. नागरिकांनी ओरड केली, स्थानिक परिषदेने २०२२ मध्ये परवानगी नाकारली आणि २०२३ मध्ये तो भराव कंपनीला स्वतः काढावा लागला.

जाणाऱ्यांसाठी

मे ते सप्टेंबर हा योग्य काळ. पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे पावसाळी जाकीट आणि गरम कपडे जुलैतही हवेत. जाड टायरची हायब्रिड सायकल आणि हलके गिअर उत्तम. ब्रिटनमध्ये वाहने आपल्याप्रमाणे डावीकडून चालतात, ही भारतीय सायकलस्वाराची मोठीच सोय. सवय असलेल्यांना तीन दिवस पुरतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चार-पाच दिवस ठेवावेत, म्हणजे हार्टसाइड सकाळच्या ताज्या पायांनी चढता येतो. नेंटहेड ते स्टॅनहोप या पट्ट्यात दुकाने तुरळक असल्याने खाणे, पाणी आणि पंक्चरचे साहित्य बरोबर असावे. मुक्काम आधी ठरवलेला बरा. व्हाइटहेवन आणि संडरलँड ही दोन्ही गावे रेल्वेने जोडलेली आहेत; मात्र गाडीत सायकलींसाठी जागा मोजकी असते आणि काही गाड्यांत ती आधी राखून ठेवावी लागते.