एका पैजेचा इतिहास

मोठमोठ्या कचेऱ्यांतून अलीकडे एक नवा प्रघात पडला आहे. वर्षातून एक-दोन दिवस नित्याची कामे बाजूस ठेवावयाची, निरनिराळ्या खात्यांतील माणसांचे लहान लहान गट करावयाचे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काहीतरी उपयुक्त रचना ठरल्या मुदतीत उभी करून दाखवावयाची. ह्या उद्योगास ‘हॅकेथॉन’ म्हणतात. शब्द फार जुना नाही. १९९९ च्या जून महिन्यात कॅनडातील कॅल्गरी शहरी ओपनबीएसडी नावाची संगणकप्रणाली रचणारे दहा जण एकत्र बसले, तेव्हापासून तो रूढ झाला. गुप्तलेखनाची विद्या परदेशी धाडण्यावर अमेरिकेच्या कायद्याची त्या वेळी बंधने होती, आणि ते काम सीमेपलीकडे करणे सोयीचे होते. कायद्याच्या अडचणीतून जन्मलेल्या शब्दास पुढे कचेऱ्यांत असा मान मिळावा, ही गंमतच म्हणावयाची.

अशा प्रसंगी सहकारी एकमेकांपासून नेमके काय शिकतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. परस्परांचा स्नेह वाढतो, असे उत्तर देतात. परंतु स्नेह तर वनभोजनानेही वाढतो, त्यासाठी संगणक कशाला हवा? दोन दिवसांच्या बैठकीवरून ह्या प्रश्नाचा निर्णय होणे कठीण. ज्या उद्योगात स्पर्धा होती, मुदत होती, गटांनी एकत्र येणे होते, आणि प्रत्येकाच्या प्रगतीचा आकडा जगापुढे मांडलेला होता, असे एखादे दीर्घ उदाहरण घेतले पाहिजे. सुदैवाने तसे एक उपलब्ध आहे. नेटफ्लिक्स ह्या अमेरिकन कंपनीने २००६ ते २००९ ह्या काळात लावलेली पैज हेच ते होय.

त्या वेळी ही कंपनी मुख्यतः चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरपोच भाड्याने देत असे. गिऱ्हाईक पाहिलेल्या चित्रपटास एक ते पाच गुण देई, आणि त्यावरून त्यास पुढे काय आवडेल ह्याचा अंदाज कंपनीची ‘सिनेमॅच’ ही यंत्रणा करी. २ ऑक्टोबर २००६ रोजी कंपनीने जाहीर केले की, हा अंदाज जो कोणी दहा टक्क्यांनी सुधारील त्यास दहा लक्ष डॉलर देऊ. सोबत तिने ४,८०,१८९ गिऱ्हाइकांनी १७,७७० चित्रपटांस दिलेले १०,०४,८०,५०७ गुण सर्वांस खुले केले. नावे अर्थातच काढून टाकलेली होती. आणखी सुमारे अठ्ठावीस लक्ष गुण तिने झाकून ठेवले होते. स्पर्धकाने त्यांचे अंदाज पाठवावयाचे. त्यांपैकी निम्म्यांवरील चूक त्यास कळे, उरलेल्या निम्म्यांवर अखेरचा निकाल लागावयाचा. प्रत्येक अंदाजातील फरकाचा वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, तिचे वर्गमूळ घ्यावयाचे, हे चुकीचे माप. सिनेमॅचची चूक ०.९५२५ होती, ती ०.८५७२ पर्यंत खाली आणावयाची होती.

दहा टक्के ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. आठवडाभरातच कोणी सिनेमॅचला मागेही टाकले. डिसेंबर २००६ मध्ये ‘सायमन फंक’ हे टोपणनाव घेतलेल्या एका स्पर्धकाने आपली सारी रीत उघड प्रसिद्ध केली. प्रत्येक चित्रपटाचे आणि प्रत्येक प्रेक्षकाचे थोडे गुणविशेष यंत्राने स्वतःच शोधावे, आणि दोहोंच्या मेळावरून गुणाचा अंदाज बांधावा, अशी ती होती. पैज ऐन रंगात असता आपले शस्त्र प्रतिस्पर्ध्यांच्या हाती देणाऱ्या ह्या माणसाचे औदार्य म्हणावे की बेफिकिरी, ते असो. पुढे बहुतेक सर्व गटांनी त्या रीतीवरच इमारत चढविली.

एटी अँड टी कंपनीच्या संशोधनशाळेतील रॉबर्ट बेल, येहुदा कोरेन आणि ख्रिस व्होलिन्स्की हे तिघे एकाच कचेरीतील सहकारी. ‘बेलकोर’ ह्या नावाने त्यांनी २००७ सालचे पन्नास हजार डॉलरांचे वार्षिक पारितोषिक मिळविले. सुधारणा ८.४३ टक्के झाली होती, आणि तीसाठी त्यांनी एकशे सात निरनिराळ्या अंदाजांचे मिश्रण केले होते.

ह्या मिश्रणाचे मर्म थोडे उकलून सांगितले पाहिजे. त्यांतील दोन रीती पाहा. एक फंकच्या वळणाची, तिची चूक ०.८९१४, दुसरी त्याहून अगदी वेगळ्या तत्त्वावर चालणारी, तिची चूक ०.८९९०. दुसरी पहिलीहून वाईट. तेव्हा ती टाकून द्यावी असे कोणासही वाटेल. परंतु दोहोंचे मिश्रण करताच चूक ०.८८ वर आली, म्हणजे चांगल्या रीतीहूनही चांगली! घरात दोन घड्याळे असावीत, एक थोडे पुढे धावणारे व एक थोडे मागे राहणारे. त्यांची सरासरी दोहोंहून खरी वेळ दाखवील. दोन्ही पुढेच धावत असतील, तर सरासरीने काहीही साधावयाचे नाही. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो खरे, पण ती पाची मुखे एकाच गुरूच्या पाठशाळेतली असली तर परमेश्वर कोठून बोलणार? कचेरीतले गट आपल्याच विचारांचे सोबती निवडतात ते ह्याच ठिकाणी फसतात, असे आमचे मत आहे.

हे सत्य स्पर्धकांस लवकरच उमगले, आणि मग शत्रुपक्षांच्या सोयरिकी सुरू झाल्या. २००७ च्या पारितोषिकाच्या अगदी अखेरच्या घटकेस बुडापेस्टचा ‘ग्रॅव्हिटी’ गट व प्रिन्स्टनच्या तरुणांचा ‘डायनोसॉर प्लॅनेट’ एकत्र आले, आणि बेलकोरचा विजय थोडक्यात हुकावयाचा वाचला. पुढील वर्षी बेलकोरनेही ऑस्ट्रियातील आंद्रेआस टोशर व मिखाएल यारर ह्या दोन तरुणांच्या ‘बिगकेऑस’ गटाशी हातमिळवणी केली. मिश्रण करण्याच्या कलेतच ह्या दोघांचे विशेष कौशल्य होते. ह्या जोडगटाने २००८ साली ९.४४ टक्क्यांपर्यंत मजल मारली.

येथवर पाहता एकत्र येणे म्हणजे बेरीज करणे, असेच वाटावे. खरोखर, अंदाजांच्या याद्या मिसळावयास परस्परांची रीत समजून घेण्याचीही गरज नसते; तू आपले आकडे दे, मी माझे देतो, मिश्रण यंत्र करील. ह्यात लाभ आहे, पण शिक्षण नाही. शिक्षण कोठे घडले ते पुढच्या सोयरिकीत दिसते, म्हणून तिजवर थोडे अधिक थांबतो.

मॉन्ट्रियलचे मार्टिन पियॉट व मार्टिन शाबेर हे दोघे अभियंते. अंदाज बांधण्याच्या ह्या शास्त्रात त्यांचा पूर्वाभ्यास नव्हता. दिवसाची नोकरी सांभाळून रात्री ते हा उद्योग करीत. ‘प्रॅग्मॅटिक थिअरी’ हे त्यांच्या गटाचे नाव. शास्त्र ठाऊक नसल्यामुळे कोणत्या गोष्टी निरर्थक समजून सोडून द्यावयाच्या हेही त्यांस ठाऊक नव्हते! त्यांनी एक विलक्षण साधी गोष्ट हेरली. एखाद्या गिऱ्हाइकाने एका दिवसात एकंदर किती चित्रपटांस गुण दिले, ह्या नुसत्या संख्येवरून त्या दिवशीच्या गुणांतील पुष्कळसा चढउतार समजून येतो, ही ती गोष्ट.

कोरेन ह्यांनी तोवर काळाचा परिणाम फार बारकाईने अभ्यासिला होता. माणसाची रुची वर्षावर्षाने पालटते, तो एके दिवशी उदार तर दुसऱ्या दिवशी कडक असतो, हे त्यांच्या गणितात आधीच होते. परंतु दिवसाची ही मोजदाद त्यांच्या नजरेतून सुटली होती. प्रॅग्मॅटिक थिअरीच्या सहकाऱ्यांनी ती आपल्या ध्यानी आणून दिली, असे त्यांनी आपल्या अखेरच्या टिपणात स्वच्छ नमूद केले आहे. पण नुसते श्रेय देऊन ते थांबले नाहीत. असे का व्हावे, ह्याचा त्यांनी शोध घेतला. एका बैठकीत पुष्कळ गुण दिल्याने माणसाचा स्वभाव बदलतो काय? तसे नव्हे, फरक पडे तो चित्रपटांच्या बाबतीत. जो मनुष्य एका दमात शंभर चित्रपटांस गुण देतो, तो त्यांतील बहुतेक कधीकाळी पाहिलेले असतो. तो गुण देतो ते चित्रपटास नव्हे, तर चित्रपटाच्या आठवणीस. कित्येक चित्रपट आठवणीत गोड होत जातात, कित्येक आंबतात. काल पाहिलेल्याचा निवाडा निराळा आणि दहा वर्षांमागे पाहिलेल्याचा निराळा. मॉन्ट्रियलच्या दोघांनी खूण दाखविली, कोरेननी तिचा अर्थ लावला आणि ती आपल्या गणितात मूळापासून गोवून घेतली. ही बेरीज नव्हे. एकाचे पाहणे दुसऱ्याच्या विचारात मुरले, आणि त्यानंतर तो दुसरा पूर्वीसारखा राहिला नाही.

तिन्ही गट मिळून झालेल्या ‘बेलकोर्स प्रॅग्मॅटिक केऑस’ने २६ जून २००९ रोजी १०.०५ टक्के सुधारणा नोंदविली. नियमाप्रमाणे इतरांस तीस दिवसांची अखेरची मुदत मिळाली. तेव्हा उरलेले बहुतेक बलवान गट एक होऊन तीसहून अधिक माणसांचा ‘द आँसांब्ल’ हा संघ उभा राहिला. २६ जुलै रोजी, मुदत संपावयास काही मिनिटे उरली असता, त्याने दर्शनी फलकावर प्रतिपक्षास १०.१० विरुद्ध १०.०९ असे मागे टाकले. परंतु निकाल झाकलेल्या निम्म्यांवर होता, आणि तेथे दोघांची चूक चौथ्या दशांशस्थळापर्यंत सारखी भरली : ०.८५६७. बरोबरी झाल्यास ज्याचे अंदाज आधी पोहोचले तो विजयी, असा नियम होता. सात जणांच्या संघाचे अंदाज वीस मिनिटे आधी पोहोचले होते. तीन वर्षांच्या पैजेचा निर्णय वीस मिनिटांनी केला.

आकड्यांपुरते पाहिले तर महिन्याभरात जमविलेल्या मोठ्या संघाने सात जणांची बरोबरी केली, हे मान्य केलेच पाहिजे. मिसळण्याचे सामर्थ्य मोठे आहे. विजयी सात जण तरी कोठे सदैव एकत्र बसले होते? कोरेन २००८ मध्येच एटी अँड टी सोडून याहू कंपनीच्या इस्रायलमधील संशोधनशाळेत गेले होते. बाकीचे न्यू जर्सी, ऑस्ट्रिया व मॉन्ट्रियल येथे. २१ सप्टेंबर २००९ रोजी न्यूयॉर्क येथे पारितोषिक घेतेवेळी ते सातही जण प्रथमच एका ठिकाणी भेटले. एका छपराखाली गोळा करून सहकार्य शिकवू पाहणाऱ्या कचेऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पैज जिंकलेल्या त्या प्रचंड मिश्रणाचे पुढे काय झाले? कंपनीने ते वापरलेच नाही. अचूकपणात जी भर पडली असती तीसाठी ते यंत्रणेत बसविण्याचे श्रम परवडणारे नव्हते, असे तिच्याच अभियंत्यांनी २०१२ साली लिहिले; शिवाय तोवर तबकड्यांची जागा तारेवरून थेट चित्रपट पाहण्याने घेतली होती. उपयोगात आल्या त्या २००७ च्या एकशे सातांपैकी वर सांगितलेल्या दोन रीती. आणि ह्या शास्त्राच्या अभ्यासकांत चालू राहिला तो कोरेनप्रभृतींनी लिहून ठेवलेला विचार.

ह्या कथेस एक काळी बाजूही आहे. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन व विताली श्मातिकोव्ह ह्या दोघा संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, नावे काढून टाकलेल्या त्या गुणांतूनही, मनुष्याने अन्यत्र उघडपणे दिलेल्या थोड्याशा मतांशी ताडून पाहता, तो कोण हे ओळखता येते. कोणी कोणते चित्रपट पाहिले ह्यावरून त्याचे राजकीय मत, त्याचे खाजगी आयुष्य ह्यांचाही सुगावा लागावयाचा. दहा कोटी गुणांच्या त्या खजिन्यात स्पर्धक वर्षानुवर्षे बुडून गेले होते. परंतु पैजेचे माप एकच होते, आणि त्या मापात ही गोष्ट कोठेच बसत नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये काही गिऱ्हाइकांनी कंपनीवर दावा लावला. दुसरी पैज लावण्याचा बेत तोवर जाहीर झालेला होता. मार्च २०१० मध्ये कंपनीने तो रद्द केला.