राक्षसांचा पिंजरा : एका ठोकळ्याचा इतिहास

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आठवडाभर आमच्याकडे राहायला होता आणि मी त्याच्याकडून 'माईनक्राफ्ट' शिकत होतो. ज्या वाचकांना हा संगणकावरचा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे. दिवसा लाकूड तोडायचे, दगड खणायचे, घर बांधायचे. आणि अंधार पडला की बाहेर निघणाऱ्या झोंबी, सांगाडे, कोळी अशा मंडळींपासून जीव वाचवायचा.

एका दुपारी तो जेवायला उठला आणि खेळ माझ्या हाती आला. जमिनीखालची एक दगडी खोली होती. भिंतींवर मशाली लावलेल्या. मधोमध काळ्या जाळीचा एक पिंजरा आणि त्याच्या आत इवलासा सांगाडा गरगर फिरत असलेला. हे राक्षसांचे उगमस्थान आहे एवढे मला कळले. मी कुदळ उचलली आणि पिंजरा फोडून टाकला. मोठा पराक्रम केला असेच वाटले.

भाचा हात धुऊन आला, पडद्याकडे बघितले आणि म्हणाला, "मामा, तो कित्याक फोडलो तुवें?" मग गप्प बसला. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो पिंजरा त्याने दोन दिवस गुहा धुंडाळून शोधला होता, मशाली लावून शांत केला होता आणि आता तो तिथे काहीतरी बांधणार होता. फुटलेला पिंजरा खेळात पुन्हा मिळत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मी असे का वागलो, याचा शोध घेताना मला या एका ठोकळ्याचा बराच इतिहास सापडला. तोच आज तुमच्यासमोर मांडतो.

माझ्या पिढीने राक्षसांचे उगमस्थान पाहिले ते 'गाँटलेट' या खेळात. १९८५ साली अटारी गेम्सने तो बाजारात आणला. एड लॉग हे त्याचे कर्ते. त्याच्याही आधी १९८३ साली जॉन पॅलेविच यांचा 'डँडी' नावाचा खेळ आला होता आणि 'गाँटलेट'ची मूळ कल्पना त्यावरूनच सुचलेली. चार खेळाडू एकत्र भुयारात शिरायचे आणि झुंडीने येणाऱ्या राक्षसांशी लढायचे. ही झुंड आकाशातून पडत नसे. भुते हाडांच्या ढिगाऱ्यातून निघत, बाकीचे राक्षस पेटीसारख्या घरट्यांतून. तो ढिगारा किंवा ते घरटे मोडेपर्यंत येणाऱ्यांना अंत नाही. त्यात खेळाडूची प्राणशक्ती आपोआप सेकंदासेकंदाला घटत जाई आणि यंत्रात आणखी नाणे टाकले की ती वाढे. अशा खेळात थांबून विचार करणे परवडणारे नव्हते. उगम दिसला की मोडायचा, एवढाच धडा. नव्वदच्या दशकात पणजीत एका मित्राच्या संगणकावर हा खेळ मी शिकलो तेव्हा नाणे टाकावे लागत नव्हते, पण धडा तोच गिरवला. इतक्या वर्षांनी कुदळ उचलणारा हात त्याच शाळेतला होता.

आता 'माईनक्राफ्ट'कडे वळू. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी १७ मे २००९ रोजी या खेळाची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली. सुरुवातीला त्यातले जग मर्यादित होते. चालत गेले की कड लागायची. २०१० च्या आरंभी जवळजवळ अमर्याद जगाचे प्रयोग सुरू झाले, आणि त्याच टप्प्यात, जून २०१० मध्ये, हा पिंजरा खेळात आला. खेळाडू त्याला 'स्पॉनर' म्हणतात. माझ्या मते या दोन गोष्टींची सांगड आहे. अफाट जगात सगळीकडे सारखेच दगड असतील तर भटकायचे कशासाठी? म्हणून जमिनीच्या पोटात छोट्या खोल्या ठेवल्या. साध्या आणि शेवाळलेल्या दगडांची खोली, मध्ये पिंजरा, कडेला बहुधा एक-दोन पेट्या. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो म्हणत, तसा हा पेटीवरचा राखणदार!

हा शोधायचा कसा, त्याचेही शास्त्र आहे. खोली तयार होताना तिच्या भिंतीत १ ते ५ ठिकाणी वाट मोकळी असावी लागते. म्हणजे ती बहुधा एखाद्या गुहेला लागूनच असते. त्यामुळे डोंगर आंधळेपणाने पोखरण्यापेक्षा गुहांच्या कडेने जावे. शेवाळलेला दगड दिसला की थबकावे. एकाच जातीच्या राक्षसांचे आवाज एकाच दिशेने येऊ लागले तर कान टवकारावेत. अशा खोलीत निम्म्या वेळा झोंबी निघतात. उरलेल्या निम्म्यात सांगाडे आणि कोळी सारख्या प्रमाणात.

सापडल्यावर मात्र पिंजऱ्याचे नियम ठाऊक हवेत. खेळाडू १६ ठोकळ्यांच्या आत आला की तो जागा होतो. दूर गेला की झोपतो. साधारण १० ते ४० सेकंदांच्या अंतराने तो एका वेळी जास्तीत जास्त ४ राक्षस बाहेर काढतो. त्याच जातीचे ६ राक्षस आसपास साचले की नवे काढणे थांबवतो. आणि उजेडात झोंबी, सांगाडे, कोळी यांना जन्म देत नाही. म्हणून शहाणा खेळाडू आधी मशाली लावतो. १.१८ या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, हे राक्षस फक्त पूर्ण काळोखातच उपजतात, त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी मशालींत भागते.

इथेच या इतिहासाला वळण मिळाले. पिंजरा संपवण्याऐवजी मशालीने झोपवता येतो, हे खेळाडूंच्या ध्यानात आले. मग झोपवता येतो तर हवा तेव्हा उठवताही येईल! खोली मोठी खणायची, जमिनीवरून पाणी वाहते ठेवायचे, ते राक्षसांना ढकलत एका खड्ड्याशी नेईल अशी सोय करायची आणि मग मशाली काढून घ्यायच्या. सप्टेंबर २०११ मध्ये खेळात अनुभवाचे गुण आले आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरच्या पूर्ण आवृत्तीत ते गुण खर्चून हत्यारे मंतरण्याची सोय झाली. त्याबरोबर या कारखान्यांचे मोल वाढले. पण गुण मिळायचे तर शेवटचा घाव खेळाडूनेच घालावा लागतो. त्याचाही हिशेब बसवला गेला. झोंबी किंवा सांगाड्याचे प्राण २०. पडण्याच्या पहिल्या ३ ठोकळ्यांना इजा नाही, पुढे दर ठोकळ्याला १ प्राण जातो. म्हणजे २२ ठोकळे खाली पाडला की १९ गेले आणि १ उरला. एक चापट मारली की काम झाले. कोळी मात्र भिंतीला चिकटतो, त्याला हा हिशेब लागू पडत नाही. सांगाड्यांच्या हाडांचे खत होते, ते शेतीला लागते. ज्या खोलीत जीव मुठीत धरून शिरायचे, तीच घराची कोठी झाली.

पाताळातल्या किल्ल्यांमध्ये तर पिंजरा फोडणे म्हणजे स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड. तिथल्या पिंजऱ्यातून 'ब्लेझ' नावाचे अग्निराक्षस निघतात. त्यांच्या कांड्यांशिवाय औषधे उकळता येत नाहीत आणि खेळाच्या शेवटापर्यंत नेणारे डोळेही बनत नाहीत. या सगळ्यात एक अट पक्की आहे. पिंजरा उचलून दुसरीकडे नेता येत नाही. इतर पुष्कळ ठोकळे जसेच्या तसे काढून देणारी 'सिल्क टच'ची मंतरलेली कुदळही इथे हरते. फोडला तर थोडे अनुभवाचे गुण पदरात पडतात, बस्स. हवा असेल तर आपणच त्याच्या दारी जायचे, त्याच्याभोवती बांधायचे.

१३ जून २०२४ रोजी आलेल्या १.२१ या आवृत्तीत कर्त्यांनी या कारखानदारीला उत्तर दिले असे मला वाटते. 'ट्रायल स्पॉनर' नावाचा नवा पिंजरा आला. तो उजेडाला जुमानत नाही, त्यामुळे मशालीचा उपाय संपला. जितके खेळाडू जवळ तितके राक्षस जास्त. ठरलेली संख्या मारली की तो बक्षीस देतो आणि ३० मिनिटे गप्प राहतो. म्हणजे पुन्हा समोरासमोर लढाई, अगदी 'गाँटलेट'ची आठवण यावी तशी. पण जुना पिंजरा त्यांनी काढून टाकला नाही. दोन्ही नांदताहेत.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे गुहांच्या कडेने चालत होतो. मशाली माझ्या हातात होत्या, वाट तो दाखवत होता. दुसरा पिंजरा सापडला तो झोंबींचा. सांगाडे नव्हेत, म्हणजे हाडे नाहीत, खत नाही. माझ्यामुळे झालेले नुकसान पुरते भरून आले नाही, आणि तोही ते भरून आले असे म्हणाला नाही. मी आत शिरून मशाली लावल्या. कुदळ त्याने आधीच माझ्याकडून मागून घेतली होती.

असो. भीती जिथून येते ती जागा मोडून टाकणे हा एकच उपाय मला शिकवला गेला होता. माझ्या भाच्याच्या पिढीला आधी उजेड करून ती जागा नीट पाहून घेणे ठाऊक आहे. मोडायचे तर नंतरही मोडता येते. मोडलेले मात्र परत आणता येत नाही.