जुना संच, नवा संच

गिरगांवांतील चाळींत व परळ-लालबागच्या गिरणगांवांत दिवाणखाना ही वस्तु बहुतेकांच्या नशिबीं नव्हती. एकच खोली, तीच जेवावयाची, तीच निजावयाची, आणि आल्यागेल्यास बसवावयाचीही तीच. सरकारनें १९२० नंतर बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली तर अवघी १६० चौरस फुटांची. अशा खोलींत दूरदर्शनचा संच आला, तेव्हां त्यानें आपल्यापुरता एक दिवाणखाना उभा केला. आणि पुढें जसजसा जुना संच जाऊन अधिक सुबक असा नवा येत गेला, तसतशी त्या दिवाणखान्यांतील मंडळी कमी होत गेली. नवा संच घेणें ही ज्याच्या त्याच्या घरची बाब खरी. तथापि मुंबईंत तिचा जमाखर्च साऱ्या मजल्याच्या वहींत मांडावा लागतो.

दिल्लीस दूरदर्शनाचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबईस त्यानंतर तेरा वर्षें वाट पाहावी लागली व २ ऑक्टोबर १९७२ रोजीं येथील केंद्र सुरू झालें. त्या काळचा संच म्हणजे चार पायांवर उभी असलेली लांकडी पेटी. कांहींना सरकतीं दारें, आणि दारांस कुलूपही. कळ फिरविल्यावर चित्र उमटण्यास बराच अवधि लागे. टपालकचेरींतून परवाना काढावा लागे व छपरावर तारांचा सांगाडा उभारावा लागे. ते सांगाडे मोजून चाळीची सांपत्तिक स्थिति रस्त्यावरून सांगतां येई. मजल्यावर असा संच एखादाच. 'छायागीत' लागलें, किंवा चि. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ हे दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें अवतरले, कीं मुलें पुढें जमिनीवर, बायका ओट्याशीं, पुरुष गॅलरींत खिडकीचे गज धरून, आणि उंबऱ्याशीं चपलांचा ढीग. ज्याचें घर त्यानें जेवण लवकर आटोपून घ्यावयाचें, हा अलिखित दंडक. या आतिथ्याचा जाच घरच्या बाईस किती होत असेल, हें मात्र कोणत्याच इतिहासांत नमूद नाहीं. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीं असलेला कार्यक्रम गिरणगांवांतही पाहिला जाई, याचें नवल वाटावयास नको. सांच्यावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसांची जमीन रत्नागिरीस किंवा साताऱ्यास होती.

पहिला मोठा पालट १९८२ सालचा. त्या वर्षीं १५ ऑगस्टपासून रंगीत प्रक्षेपण सुरू झालें, आणि १९ नोव्हेंबरपासून दिल्लींत भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं रंगीत संचांची एकच मागणी उसळली. परंतु त्याच वर्षाच्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले होते. एकाच शहरांत, एकाच ट्रॅमच्या जुन्या वाटेवर, दादरच्या घरांत रंग येत होता आणि लालबागच्या घरांतून पितळेचीं भांडीं विक्रीस जात होतीं. कित्येक कुटुंबें गांवीं परतलीं. तो संप रीतसर मिटल्याचें कधींच जाहीर झालें नाहीं. रंगीत दूरदर्शनाच्या आगमनाचा इतिहास लिहिणारे स्पर्धांचा उल्लेख अगत्यानें करितात व संपाचा करीत नाहींत, हें आम्हांस खटकतें; निदान मुंबईपुरता तरी तो अपुराच म्हणावा लागेल.

ज्यांना रंगीत संच परवडत नसे ते काळ्या-पांढऱ्या पडद्यापुढें रंगीत पारदर्शक कागद लावीत. वर निळा, खालीं हिरवा. आकाश नि शेत त्यांत बरें शोभे, पण बातम्या सांगणाऱ्याचें कपाळ निळें होई. आणि ज्यांनीं नवा घेतला त्यांचा जुना वायां जात नसे. तो धाकट्या भावाकडे, लग्न झालेल्या मुलीकडे, किंवा जिन्याखालच्या बिऱ्हाडांत जाई. एका घरची बढती ती दुसऱ्या घरची सुरुवात. २५ जून १९८३ रोजीं विश्वचषकाचा अंतिम सामना झाला; शिवाजी पार्कचा संदीप पाटील त्यांत खेळत होता. त्या रात्रीं असे जुने संचही भर गर्दींत चालले. पुढें १९८५ सालीं परवाना उठला. आणि २५ जानेवारी १९८७ पासून रविवारीं सकाळीं 'रामायण' सुरू झालें, तेव्हां संचास हार घालणारींही घरें निघालीं. दाराशीं चपलांचा मोठा ढीग पडण्याचे ते बहुधा अखेरचे दिवस.

त्यानंतर केबलची तार एका चाळीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर गेली. झी वाहिनी सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९९२ रोजीं. मुंबई केंद्रास त्याच दिवशीं बरोबर वीस वर्षें पुरीं झालीं. आतां प्रत्येक बिऱ्हाडीं आपला संच. चाळींत दिवसाढवळ्या दार लोटलेलें दिसलें तर पूर्वीं शेजारीण "कोणी आजारी आहे काय?" म्हणून विचारी, मालिकांच्या वेळीं दार लोटण्याचा प्रघात पडला आणि कोणी विचारीनासें झालें.

२०१२ च्या अखेरीस मुंबईंत डिजिटल पेटी सक्तीची झाली. तोंवर भिंतीवर टांगावयाचे सपाट संचही आले होते. जुन्या संचाच्या माथ्यावर विणलेला रुमाल, त्यावर गणपति, शेजारीं नवसाची बाहुली, एवढा संसार मांडलेला असे; सपाट संचास माथाच नाहीं. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथें बसावयाची खोली निराळी आहे. दुकानदार आतां भिंतीची रुंदी विचारतो. बसणारीं माणसें किती, हें विचारण्याचें त्यास कारण नाहीं. अडचण एकच उरते. जुना, नळकांडीचा संच अद्याप चालतो, पण धाकटा भाऊ तो नको म्हणतो, गांवींही प्रत्येकाचा सपाट आहे, आणि त्याच्या कांचेंत शिसें असल्यामुळें भंगारवालाही तो उचलतांना कुरकुर करितो.