येरवड्याचें बिऱ्हाड

मुळामुठेवरील बंडगार्डनचा पूल ओलांडून पुढें गेलें कीं येरवडा लागतो. हें नांव कानीं पडतांच ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम उभा राहतो तो तेथील तुरुंग. १८७१ सालीं उभारलेल्या त्या उंच भिंतींचा आणि घरपणाचा संबंध जोडण्याचें कोणाच्या स्वप्नींहि येणार नाहीं. असें असूनहि सावकाश चाललेला संसार, हातानें सिद्ध केलेलें साधें अन्न आणि जिवलगांचा निवांत सहवास यांची एक अत्यंत तपशीलवार हकीकत ज्या ठिकाणीं लिहिली गेली, तें ठिकाण हाच तुरुंग होय. तेथें जें बिऱ्हाड थाटलें गेलें, त्याचा कारभारी महात्मा गांधी हा होता.

गांधीजींना घर असें फार दिवस लाभलेंच नव्हतें. दक्षिण आफ्रिकेंत १९०४ सालीं फिनिक्सची वसाहत निघाली, १९१० सालीं टॉल्स्टॉय फार्म निघाला आणि पुढें साबरमतीचा आश्रम झाला. प्रत्येक ठिकाणीं त्यांनीं आपल्या घराच्या भिंती पाडून तें सर्वांना मोकळें केलें. कस्तुरबांच्या चुलीवर कोणाचें पान पडेल याचा नेम नसे. अशा माणसाला चार भिंतींच्या आंतील संथ दिनक्रम मिळाला तो सरकारच्या कृपेनें. आणि तोहि सक्तीनें.

१९३० च्या मे महिन्यांत मिठाच्या सत्याग्रहासाठीं त्यांना पकडून येरवड्यास आणलें. तेथें कांहीं महिने त्यांच्या सोबतीस काका कालेलकर होते. काका मूळचे साताऱ्याचे. लेखणी गुजरातींत रमली, तरी कूळ आणि बाळबोध वळण मराठी. पिंजणाच्या तांतीला चोळण्यासाठीं कडुनिंबाच्या चार पानांची गरज पडली, तेव्हां काकांनीं सबंध डहाळीच मोडून आणली. त्यावर गांधीजींना वाईट वाटलें. चार पानें हवीं असतील तर चारच तोडावीं, आणि तींहि झाडाची क्षमा मागून, अशी त्यांची शिकवण. दांतवणाचीहि तीच गोष्ट. वापरलेलें टोंक रोज कापून टाकावें आणि उरलेली काडी दुसऱ्या दिवशीं पुन्हा घ्यावी. ही काटकसर कृपणाची नव्हे. ज्याला वस्तु पुरवून वापरावयाची असते, त्याला ती नीट पाहावी लागते, आणि पाहण्यास वेळ लागतो. तो वेळ येथें मुबलक होता.

ह्याच तुरुंगाला त्यांनीं "येरवडा मंदिर" असें नांव दिलें आणि दर मंगळवारीं सकाळीं आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहिण्याचा परिपाठ ठेवला. ऑगस्ट महिन्यांतील एक पत्र अस्वाद-व्रतावर आहे. अन्न हें औषधाप्रमाणें, शरीराच्या गरजेपुरतें घ्यावें, जिभेच्या सुखासाठीं घेऊं नये, हा त्याचा इत्यर्थ. रुचि सोडण्याचा हा उपदेश वाचून कोणाला वाटेल कीं, अशा माणसाच्या पंगतींत गोडी ती कसली असणार? त्याचें उत्तर दीड वर्षानें मिळालें.

४ जानेवारी १९३२ रोजीं गांधीजी व वल्लभभाई पटेल या दोघांना अटक झाली आणि दोघेहि येरवड्यास आले. १० मार्चला महादेवभाई देसाई त्यांस येऊन मिळाले. त्या दिवसापासून महादेवभाईंनीं जी रोजनिशी ठेवली, तिच्यांत या तीन माणसांच्या बिऱ्हाडाचें चित्र उमटलें आहे. पहाटे चार वाजतां प्रार्थना, मग मध आणि लिंबू घातलेलें ऊन पाणी, अंगणांत फेऱ्या, सूतकताई, टपाल, वर्तमानपत्रांचें वाचन, सायंकाळीं पुन्हा प्रार्थना आणि रात्रीं आकाशांतील तारे ओळखण्याचा नाद. तुरुंगांतील एका मांजरीचा आणि तिच्या पिल्लांचा संसारहि गांधीजी कौतुकानें पाहत व पत्रांतून कळवीत.

या बिऱ्हाडांत गृहिणीचें काम पत्करलें तें वल्लभभाईंनीं. अहमदाबादचा नामांकित बॅरिस्टर, बार्डोलीचा सरदार, ज्याच्या करारी मुद्रेची अधिकाऱ्यांना जरब वाटे, असा हा पुरुष. तो येथें गांधीजींसाठीं फळें सोलीत बसे, दांतवण ठेंचून ठेवी आणि आलेल्या टपालाच्या रद्दी कागदांचीं पाकिटें करी. स्वतः त्यानें चहा सोडला. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं तो संस्कृत शिकूं लागला, आणि त्यासाठीं पुस्तकें हातीं धरलीं तीं औंधच्या पंडित सातवळेकरांचीं! गांधीजी बऱ्याच पदार्थांत खाण्याचा सोडा घालीत. त्यामुळें कोणतीहि अडचण निघाली कीं, "त्यांतहि सोडाच घाला" अशा अर्थाची थट्टा सरदार करीत आणि तिघेहि पोट धरून हसत.

अस्वादाचें कोडें येथें उलगडतें. पानांत मसाला नव्हता, तिखट नव्हतें. परंतु सोलणाऱ्या हाताची माया त्या फळांत उतरत होती. जिभेचा स्वाद वर्ज्य केला म्हणून सहवासाचा आस्वाद कोणी वर्ज्य केला नव्हता. एका काना-मात्रेचा फरक, पण त्यांत साऱ्या घरपणाचें मर्म सांठविलेलें आहे. सोळा महिन्यांच्या या सहवासानंतर वल्लभभाईंच्या प्रेमानें आपल्याला आपल्या आईची आठवण झाली, असें गांधीजींनींच सांगितलें.

ह्याच अंगणांत २० सप्टेंबर १९३२ रोजीं आंब्याच्या झाडाखालीं उपवासहि आरंभला गेला. अन्न हातानें सिद्ध करणाऱ्या सरदारांना आतां तें न देतां नुसतें पाहत बसावें लागलें. २४ तारखेला डॉक्टर आंबेडकर व इतर पुढारी यांच्या सह्यांनीं पुणें करार झाला आणि २६ तारखेला कस्तुरबांच्या हातून संत्र्याचा रस घेऊन उपवास सुटला. त्या वेळीं रवींद्रनाथ टागोरहि तेथें होते. कराराचे गुणदोष हा वेगळा आणि मोठा विषय आहे.

येरवड्याचें दुसरें बिऱ्हाड आगाखान पॅलेसमधलें. दुष्काळानें गांजलेल्या लोकांना काम मिळावें म्हणून आगाखानांनीं १८९२ सालीं बांधविलेली ही भव्य वास्तु १९४२ सालीं कांटेरी तारांनीं वेढली गेली. ९ ऑगस्टला गांधीजी, महादेवभाई, सरोजिनी नायडू व मीराबेन तेथें आले, आणि दोन दिवसांनीं कस्तुरबा व डॉक्टर सुशीला नय्यर येऊन पोंचल्या. बिऱ्हाड पुरतें मांडून होतें न होतें तोंच १५ ऑगस्टला सकाळीं महादेवभाईंना हृदयविकारानें मृत्यु आला. वय अवघें पन्नास. पत्नी दुर्गाबेन व मुलगा नारायण बाहेर होते. त्यांना अखेरचें दर्शनहि घडलें नाहीं. आवारांतच दहन झालें.

त्या दुःखांतूनहि घर चाललें. सरोजिनीबाईंनीं स्वयंपाकघर आपल्याकडे घेतलें आणि सर्वांच्या खाण्यापिण्याची काळजी वाहिली. गांधीजी आपल्या वृद्ध पत्नीला भूगोल व गुजराती शिकवूं लागले. साठ वर्षांच्या संसारांत अशी सवड त्यांना पूर्वीं झाली नव्हती. बा तुळशीची पूजा करीत, महादेवभाईंच्या समाधीला देवालय मानून तेथें जात आणि कॅरमच्या खेळांत रंगून जात. १९४३ च्या मार्चपासून मनु गांधी त्यांच्या सेवेस आली. एकदा बांना पुरणपोळीची इच्छा झाली. परंतु हृदयविकारामुळें पथ्य कडक होतें. त्यांनीं स्वतः न खाण्याचें कबूल केलें, पोळ्या करवून घेतल्या, इतरांना वाढल्या आणि स्वतः घांसहि घेतला नाहीं. आपल्या घराघरांतील आजीबाई याहून वेगळें काय करतात? त्यांच्या लेखीं वाढणें हेंच जेवणें असतें.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, पतीच्या मांडीवर मस्तक ठेवून बांनीं देह ठेवला. गांधीजींनीं कांतलेल्या सुताच्या लुगड्यांत त्यांना अग्नि दिला गेला. ६ मे रोजीं गांधीजींची सुटका झाली. पण तोंवर त्या बिऱ्हाडांतलीं दोन माणसें येरवड्याच्या मातींत कायमचीं राहिलीं होतीं.

तुरुंगाचें कौतुक करण्यासाठीं ही हकीकत नाहीं. त्याच भिंतींआड सामान्य कैद्यांच्या वांट्याला कष्ट आणि कदन्न यांखेरीज कांहीं आलें नाहीं, आणि राजबंद्यांनाहि या सहवासाची किंमत प्राणांनीं चुकवावी लागली. तिच्यांतून एवढेंच दिसतें कीं, घर हें वाड्यानें, भांड्यांनीं किंवा पक्वान्नांनीं होत नाहीं. दुसऱ्यासाठीं फळ सोलण्यास, संथपणें धडा शिकविण्यास आणि निष्कारण हंसण्यास ज्याच्यापाशीं वेळ आहे, तो कोठेंहि घर करूं शकतो. आगाखानांच्या घराण्यानें १९६९ सालीं ती वास्तु राष्ट्राला अर्पण केली. तिच्या बागेंत बा आणि महादेवभाई यांच्या समाधी शेजारीं शेजारीं आहेत. ज्या माणसांना बाहेर निवांत बसण्यास सवड झाली नाहीं, त्यांचें बिऱ्हाड तेथें अजून मोडलेलें नाहीं.