युंगप्रणीत मनोव्यापारांची परिभाषा : एक ऐतिहासिक टिपण

व्यक्तिमत्त्वप्रकारांची चर्चा करताना आपले अभ्यासक ‘विचार’, ‘भावना’, ‘संवेदन’ व ‘अंतःस्फूर्ती’ ही चार पदे निःशंकपणे योजतात. या पदांचा इतिहास ध्यानी न घेतल्यास कोणता अनर्थ ओढवतो, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

कार्ल गुस्टाव्ह युंग यांनी १९१३ साली म्युनिक येथील परिषदेत बहिर्मुख व अंतर्मुख या दोन वृत्तींचे विवेचन केले. त्या काळी ते बहिर्मुखतेची सांगड भावनेशी आणि अंतर्मुखतेची विचाराशी घालीत असत. १९२१ च्या ग्रंथात त्यांनी ही सांगड सोडली. वृत्ती दोन, व्यापार चार, आणि त्यांच्या संयोगाने प्रकार आठ, अशी मांडणी तेथे सिद्ध झाली.

युंग यांच्या मते विचार व भावना हे दोन्ही व्यापार विवेकी होत, कारण दोन्ही निवाडा करतात: विचार अर्थाचा, भावना मूल्याचा. मराठीत मात्र ‘भावना’ म्हणताच गहिवर आठवतो. शोकसभेत अश्रू ढाळणे हा युंग यांच्या परिभाषेत भावावेग होय. कोरड्या डोळ्यांनी ‘हे येथे शोभत नाही’ असे ठरविणे, ही भावना. म्हणून या व्यापारास ‘मूल्यभाव’ म्हणणे मला अधिक युक्त वाटते. संवेदन व अंतःस्फूर्ती यांना युंग विवेकबाह्य म्हणतात, विवेकविरोधी नव्हे. ते व्यापार ग्रहण करतात, निवाडा करीत नाहीत.

पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी या उपपत्तीवरून प्रश्नावली रचली. तिची पुस्तिका १९६२ साली प्रसिद्ध झाली. तीत ‘निर्णय–ग्रहण’ ही चौथी जोडी आली. ही जोडी बाहेरच्या जगाकडे वळलेला व्यापार दर्शविते. परिणामी, ज्याचा प्रधान व्यापार अंतर्मुख विचार आहे, तो युंग यांच्या लेखी विवेकी, तर मायर्स यांच्या लेखी ‘ग्रहणशील’ ठरतो. व्यक्ती तीच, शिक्का मात्र उलटा!

तेव्हा कोणत्या परंपरेतील पद आपण योजीत आहोत, हे संशोधकाने आरंभीच सांगितले पाहिजे. माणसांना कप्प्यांत बसविणे हा आपला हेतू नाही, असे युंग यांनी १९३४ साली स्पॅनिश आवृत्तीच्या प्रस्तावनेत बजावले होते. संज्ञाच सैल असतील, तर कप्पे करण्याचा मोह अधिकच बळावतो.