पेयजलातील रासायनिक प्रदूषके : शासकीय नियमन (छत्रपती संभाजीनगर)

सार्वजनिक नळयोजना, विहिरी व विंधनविहिरींच्या पाण्यात विरघळलेल्या अपायकारक रसायनांवर कायदा, मानके आणि तपासणी यांद्वारे ठेवले जाणारे नियंत्रण. संविधानानुसार पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य हे राज्यांचे विषय असल्याने हे काम राज्यशासन व स्थानिक संस्थांकडे येते.

मानके : भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस 10500’ हे मानक 1983 मध्ये आले, 1991 व 2012 मध्ये त्यात सुधारणा झाल्या. त्यानुसार लिटरमागे फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य असून दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालते. एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी याच मर्यादा 500 व 2,000 मिलिग्रॅम आहेत. नायट्रेटला मात्र 45 मिलिग्रॅमच्या पुढे सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा 50 मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत 1974 च्या कायद्याने अशा मर्यादा पाणीपुरवठादारांवर बंधनकारक केल्या. भारतात नळाच्या पाण्यासाठीचे मानक ऐच्छिक स्वरूपाचे राहिले.

कायदे व यंत्रणा : जलप्रदूषण प्रतिबंधासाठी महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतंत्र कायदा केला व 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. केंद्राचा 1974 चा कायदा राज्याने 1981 मध्ये स्वीकारला. या कायद्यान्वये मंडळ उद्योगांना सांडपाणी सोडण्याची संमती देते. उल्लंघन झाल्यास उद्योग बंद करण्याचा वा त्याची वीज तोडण्याचा आदेशही देऊ शकते. भूजलाची पाहणी व तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा करते. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतांना 1993 च्या कायद्याने संरक्षण मिळाले. त्याची जागा घेणारा, 2014 पासून अमलात असलेला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 भूजलाच्या गुणवत्तेचीही दखल घेतो.

शहर : छत्रपती संभाजीनगरला मुख्य पुरवठा पैठणच्या जायकवाडी धरणातून (1976) होतो. फारोळा येथील केंद्रात पाणी शुद्ध करून ते नक्षत्रवाडीमार्गे शहरात येते. तुरटी, गाळणी व क्लोरीन या नेहमीच्या प्रक्रियेने गढूळपणा जातो आणि जंतू मरतात. विरघळलेले नायट्रेट, फ्लोराइड वा क्षार मात्र बहुतांशी तसेच राहतात. त्यामुळे स्रोतापाशीच प्रदूषण रोखणे महत्त्वाचे ठरते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा व पैठण या औद्योगिक वसाहतींचे सांडपाणी आणि शहरातून वाहत गोदावरीस मिळणारी खाम नदी यांमुळे हा प्रश्न मंडळाच्या कक्षेत येतो.

ग्रामीण भाग : येथील भूजल बेसॉल्ट खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. रासायनिक खते, उकिरडे, गोठे व शोषखड्डे यांतून नायट्रेट झिरपते. त्याच्या अतिरेकाने अर्भकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. फ्लोराइडमुळे दातांवर डाग पडतात व दीर्घकाळात हाडे ताठरतात. पाणी उकळल्याने यांपैकी काहीच जात नाही. उलट वाफ झालेल्या प्रमाणात तीव्रता वाढते.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने घेतो व टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीने निर्जंतुकीकरण करतो. जलजीवन मिशनच्या (2019) मार्गदर्शक सूचनांनुसार स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, तर जीवाणूंची दोनदा अपेक्षित आहे. स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. हे सर्वेक्षण मुख्यतः स्रोताचा परिसर, गळती व निर्जंतुकीकरण पाहते. म्हणून हिरवे कार्ड हा पाण्यात नायट्रेट वा फ्लोराइड मर्यादेत असल्याचा दाखला नव्हे.

मर्यादा : सांडपाण्यावर मंडळ, भूजलावर यंत्रणा, पुरवठ्यावर महापालिका वा ग्रामपंचायत आणि आरोग्यावर आरोग्य विभाग अशी जबाबदारी विभागलेली आहे. रासायनिक दोष आढळल्यास स्रोत पिण्यासाठी बंद करणे, दुसऱ्या स्रोतातून नळयोजना करणे किंवा क्षार काढणारे संयंत्र बसवणे हे उपाय असतात. त्यांचा खर्च व देखभाल अखेर पाणी पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेला पेलावी लागते.